डेस्मॉसवर इन्व्हर्स फंक्शनचा सराव : तीन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी उठलो तेव्हा न्यू जर्सीत दहावीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने पाठवलेला तिच्या वहीच्या पानाचा फोटो फोनवर येऊन पडला होता. तिच्या शाळेत अल्जिब्रा टू हा विषय सुरू होता आणि इन्व्हर्स फंक्शनच्या पहिल्याच गृहपाठात तिची दहापैकी सात उत्तरे चुकली होती. पहिले उदाहरण होते फ(क्ष) = २क्ष + ३. त्याचे इन्व्हर्स म्हणून तिने सुबक अक्षरात १/(२क्ष + ३) असे लिहिले होते आणि उत्तराखाली दोन रेघाही ओढल्या होत्या. मी नाशिकला अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतो आणि नेमकी हीच चूक माझ्या वर्गात दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या वहीत सापडते, त्यामुळे मला नवल वाटले नाही. मात्र घरचेच मूल अडले की माणूस उपायाच्या मागे जरा जास्त लागतो, तसे माझे झाले. त्या शोधात डेस्मॉस या आलेख काढणाऱ्या मोफत कॅल्क्युलेटरचा मी इन्व्हर्सच्या सरावासाठी पद्धतशीर वापर सुरू केला. हा अभिप्राय त्या वापराचा आहे. या लेखात एक्सच्या जागी क्ष, वायच्या जागी य, आणि फलनांच्या, म्हणजे फंक्शनांच्या, नावांसाठी फ व ग ही अक्षरे घेतली आहेत. डेस्मॉसमध्ये अर्थातच त्यांची इंग्रजी अक्षरे टाइप करावी लागतात.

आधी चुकीबद्दल थोडे बोलायला हवे, कारण साधन चांगले की वाईट हे ते कोणत्या चुकीवर काम करते यावरून ठरते. फलनाच्या डोक्यावर उणे एक लिहून त्याचे इन्व्हर्स दाखवण्याची पद्धत इंग्लंडच्या जॉन हर्शेल यांनी १८१३ मध्ये रूढ केली. पण फलनावरची ही खूण भेटण्याच्या कितीतरी आधीपासून मूल संख्येच्या डोक्यावरचे उणे एक ओळखत असते आणि तिथे त्याचा अर्थ ‘एक भागिले ती संख्या’ असा असतो. एकच खूण दोन कामांना जुंपल्यावर मुलांचा गोंधळ होणारच. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची अडचण तर याहून मोठी असते. त्याने अपूर्णांकांच्या भागाकारात गुणाकार व्यस्त शिकलेला असतो, आठवीत व्यस्त चलन शिकलेले असते, आणि अकरावीत त्याच्यापुढे व्यस्त फलन येते. तिन्हीकडे ‘व्यस्त’ हाच शब्द असतो आणि तिन्हीकडे अर्थ वेगळा असतो. म्हणून ‘चिन्ह नीट वाच’ एवढे सांगून भागत नाही. फलनाने क्षवर जे जे केले ते ते उलट क्रमाने मोडून काढणारे दुसरे फलन म्हणजे इन्व्हर्स, ही गोष्ट डोळ्यांना दिसली पाहिजे. भाचीला मी फोनवर अर्धा तास समजावले होते. तिला तेव्हा ते पटलेही होते, आणि दुसऱ्या दिवशीच्या गृहपाठात पुन्हा तीच चूक आली होती.

डेस्मॉस हे २०११ मध्ये एली लुबेरॉफ यांनी सुरू केलेले साधन आहे. ते ब्राउझरमध्ये उघडते, फोनवर ॲपच्या रूपातही मिळते आणि त्याला पैसे पडत नाहीत. आलेख जपून ठेवायचे असतील तरच खाते उघडावे लागते, नुसत्या वापरासाठी नाही. अमेरिकन शाळांमध्ये पूर्वापार वापरले जाणारे हातात धरायचे आलेखी कॅल्क्युलेटर शंभर डॉलरच्या पुढे जातात, हे लक्षात घेतले तर ‘मोफत’ या शब्दाचे वजन कळते. शिवाय एसएटी ही तिकडची कॉलेज-प्रवेशाची परीक्षा संगणकावर गेल्यापासून डेस्मॉस त्या परीक्षेच्या पडद्यातच बसवलेले असते. त्यामुळे तिकडच्या मुलाने ते हाताखालचे करून घेण्याला सरावापलीकडेही कारण आहे.

आता प्रत्यक्ष सराव कसा होतो ते सांगतो. डावीकडे ओळी लिहिण्याची जागा असते आणि उजवीकडे आलेखाचा कागद असतो. पहिल्या ओळीत फ(क्ष) = २क्ष + ३ लिहिले की लाल रेषा उमटते. दुसऱ्या ओळीत मुलाने स्वतः कागदावर काढलेले उत्तर ग(क्ष) या नावाने लिहायचे. ते निळ्या रंगात येते. तिसऱ्या ओळीत य = क्ष ही रेषा हिरवी येते आणि तीच आपला आरसा असते. भाचीने दुसऱ्या ओळीत तिचे १/(२क्ष + ३) लिहिले तेव्हा दोन तुकड्यांचा एक वक्र उमटला. लाल रेषा सरळ आणि तिचे प्रतिबिंब वाकडे व दुभंगलेले, हे काही जुळेना. मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, “मामा, आरशात असं कसं दिसेल?” अर्ध्या तासाच्या समजावण्याने जे झाले नव्हते ते त्या निळ्या वक्राने केले. मग तिने पुन्हा कागद घेतला. फलन आधी दुप्पट करते आणि नंतर तीन मिळवते, म्हणून परत येताना आधी तीन काढायचे आणि मग निम्मे करायचे, असे पुटपुटत तिने (क्ष − ३)/२ लिहिले आणि निळी रेषा हिरव्या रेषेच्या पलीकडे तंतोतंत आरशातल्यासारखी जाऊन बसली.

याच्यापुढची पायरी माझ्या मते या साधनाची खरी ताकद आहे. चौथ्या ओळीत (अ, फ(अ)) हा बिंदू लिहायचा आणि पाचव्या ओळीत (फ(अ), अ) हा बिंदू लिहायचा. ‘अ’ ही संख्या ठरलेली नसल्यामुळे डेस्मॉस तिच्यासाठी सरकपट्टी देऊ करते आणि ती सुरुवातीला उणे दहापासून दहापर्यंत सरकते. पट्टी एकवर आणली की पहिला बिंदू (१, ५) वर असतो आणि दुसरा (५, १) वर. पट्टी सरकवत गेले की पहिला बिंदू लाल रेषेवरून धावतो आणि दुसरा निळ्या रेषेवरून, तेही फक्त निळी रेषा बरोबर असेल तरच. उत्तर चुकले असेल तर दुसरा बिंदू निळ्या वक्राला सोडून मोकळ्या जागेत भटकतो. पाच दिले तर एक परत मिळतो का, हा इन्व्हर्सबद्दलचा एकमेव महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मुलाला इथे बोटाच्या टोकावर मिळते. मी वर्गात आता ही दोन बिंदूंची चाचणी व्याख्येच्याही आधी दाखवतो.

उत्तर कोणत्या रूपात लिहिले आहे याची डेस्मॉसला फिकीर नसते, हाही मोठा फायदा आहे. डेस्मॉसकडे वळण्यापूर्वी मी भाचीसाठी एका सशुल्क सराव-ॲपची वर्षाची वर्गणी भरली होती. त्यात तिने क्ष/२ − ३/२ असे उत्तर लिहिले तर ॲप ते चूक ठरवायचे आणि (क्ष − ३)/२ हे ‘बरोबर’ उत्तर दाखवायचे. दोन्ही एकच आहेत हे ज्या मुलाला आधीच पक्के ठाऊक आहे त्याचे काही बिघडत नाही, पण जे मूल चाचपडत आहे ते आपले बरोबर आलेले उत्तर खोडते आणि चूक काय झाली ते शोधत बसते. तक्रार केली, उत्तर आले नाही, वर्गणीही परत मिळाली नाही. डेस्मॉसमध्ये दोन्ही रूपे दोन ओळींत लिहिली की एक रेषा दुसरीवर झाकण बसल्यासारखी बसते. मुलाला तिथल्या तिथे कळते की रूप वेगळे असले तरी फलन तेच आहे.

अमेरिकेतल्या कॉमन कोअर या २०१० च्या अभ्यासक्रम-मानकांत इन्व्हर्सबाबत मुलांकडून चार गोष्टींची अपेक्षा धरली आहे: समीकरण सोडवून इन्व्हर्स काढणे, दोन फलने एकमेकांत घालून ते पडताळणे, आलेखावरून किंवा तक्त्यावरून त्याच्या किमती वाचणे, आणि जे फलन उलटता येत नाही त्याचे डोमेन, म्हणजे त्यात घालायच्या किमतींचा संच, आखडून ते उलटण्याजोगे करणे. आपल्या अकरावीच्या फलनांच्या प्रकरणातही थोड्याफार फरकाने हेच येते. पहिल्या अपेक्षेचे वर झाले. तक्त्याचे काम डेस्मॉसमध्ये सोपे आहे: तक्ता भरायचा, मग एका ओळीत दोन स्तंभांची अदलाबदल करून बिंदू मागायचे, की उलटे बिंदू हजर होतात. त्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. पडताळणी आणि डोमेन या दोन बाबतींत मात्र हे साधन पुस्तकाच्या पुढे जाते.

पडताळणीचे उदाहरण घ्या. फ(क्ष) = क्ष² आणि ग(क्ष) = √क्ष ही जोडी विचारली तर वर्गातली बहुतेक मुले ‘वर्ग आणि वर्गमूळ एकमेकांचे इन्व्हर्स’ असे ठोकून देतात. डेस्मॉसमध्ये फ(ग(क्ष)) लिहिले की य = क्ष या रेषेचा फक्त उजवा अर्धा भाग उमटतो; डावीकडे काहीच नसते, कारण ऋण संख्येचे वर्गमूळ घेता येत नाही. आणि ग(फ(क्ष)) लिहिले की इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार येतो, म्हणजे क्षचे निरपेक्ष मूल्य. उणे तीन आत गेले आणि तीन बाहेर आले; फलनाने गेलेला माणूस परत आणायच्या ऐवजी त्याचा जुळा भाऊ आणून उभा केला. हे मी फळ्यावर अनेक वर्षे लिहून दाखवत होतो आणि मुले ते वहीत उतरवून घेत होती. पण पडद्यावर तो व्ही पहिल्यांदा उमटतो तेव्हा वर्गात जी शांतता पसरते ती उतरवून घेण्याची नसते, विचाराची असते.

इथून डोमेनकडे जाणे अगदी सहज होते. फ(क्ष) = क्ष² − ६क्ष + ५ घेतले तर आलेख क्ष = ३ या उभ्या रेषेभोवती सममित असा पॅराबोला येतो. आडवी रेषा य = ० त्याला १ आणि ५ अशा दोन ठिकाणी छेदते, म्हणजे फलन एकास एक नाही आणि शून्यावरून परत कुठे जायचे हे ठरत नाही. डेस्मॉसमध्ये सूत्रापुढे महिरपी कंसात क्ष ≥ ३ अशी अट लिहिली की पॅराबोलाचा डावा हात नाहीसा होतो. मग मुलाने कागदावर पूर्ण वर्ग करून (क्ष − ३)² − ४ असे रूप आणायचे आणि त्यावरून ३ + √(क्ष + ४) हे इन्व्हर्स काढायचे. आता अट बदलून क्ष ≤ ३ करा. लाल वक्र उडी मारून डावीकडे जातो, निळा मात्र जागचा हलत नाही, आणि आता तो कशाचेच प्रतिबिंब राहत नाही. मुलाला आपोआप कळते की मुळाच्या आधीचे अधिक चिन्ह त्या अटीतून आले होते आणि अट बदलली की ते उणे झाले पाहिजे. ‘अधिक घ्यायचे की उणे’ हा प्रश्न पाठांतराने सुटत नाही. डोमेनचा कोणता अर्धा भाग आपण ठेवला यावरून तो सुटतो, आणि ही गोष्ट डेस्मॉसच्या दोन महिरपी कंसांत जितकी उघड होते तितकी मी दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाही.

आता एका सोयीबद्दल सावधगिरीचा इशारा द्यायला हवा. पहिल्या ओळीत फ ठरवले असेल आणि नंतर क्ष = फ(य) एवढेच लिहिले, तर डेस्मॉस क्षणात संपूर्ण प्रतिबिंब काढून देते. सूत्र काढायला नको, वर्ग पूर्ण करायला नको. ही सोय उत्तम आहे, पण ती सरावाच्या सुरुवातीला हाती पडली तर सराव संपतो. मी मुलांना ती पहिला आठवडाभर सांगत नाही. नंतर सांगतो तेव्हा क्रम ठरवून देतो: आधी कागद, मग स्वतःचे सूत्र, आणि शेवटी क्ष = फ(य) ही ओळ उत्तरपत्रिकेसारखी. त्या ओळीच्या कडेचे रंगीत वर्तुळ दाबून धरले की रेषेचे रूप तुटक करता येते, म्हणजे आपला वक्र तिच्यावर बसला की नाही ते स्पष्ट दिसते. डेस्मॉस आपण होऊन इन्व्हर्सचे सूत्र मांडून दाखवत नाही, फक्त चित्र दाखवते, आणि शिक्षक म्हणून मला ही त्याची उणीव न वाटता त्याचा सर्वात मोठा गुण वाटतो. पायऱ्यांसकट सूत्र काढून देणारी साधने पुष्कळ आहेत. ती वापरणाऱ्या मुलांचे गृहपाठ बरोबर येतात, आणि परीक्षेत हात अडतो.

ही क्ष = फ(य) ओळ आणखी एका गैरसमजावर बोट ठेवायला उपयोगी पडते. ‘क्ष आणि य यांची अदलाबदल करा आणि यसाठी सोडवा’ हा नियम सगळीकडे शिकवला जातो. त्याने उत्तर मिळते, पण अर्थ हरवतो. भाचीच्या घरी भिंतीवरचे तापमान फॅरनहाइटमध्ये असते आणि नाशिकला तिच्या आजीला फोन केला की आजीला सेल्सिअसच समजते, त्यामुळे हे उदाहरण मी मुद्दाम घेतले. सेल्सिअसला नऊ पंचमांशाने गुणून बत्तीस मिळवले की फॅरनहाइट मिळते. परत येताना बत्तीस वजा करून पाच नवमांशाने गुणायचे. इथे अक्षरांची अदलाबदल करण्याचे काहीच कारण नाही. से हे सेल्सिअसच राहते आणि फॅ हे फॅरनहाइटच राहते, आपण फक्त समीकरण दुसऱ्यासाठी सोडवतो. अदलाबदल लागते ती दोन्ही फलने एकाच आलेखावर, एकाच आडव्या अक्षावर मांडायची असतात तेव्हा, आणि तेव्हाच आरसा तयार होतो. हे दोन्ही आलेख डेस्मॉसवर काढले की ते हिरव्या रेषेवर उणे चाळीसला एकमेकांना छेदतात. उणे चाळीस अंश म्हणजे दोन्ही मापांत उणे चाळीसच, हे तिच्याकडून शाळेत पाठ करून घेतले होते. ते फलन आणि त्याचे इन्व्हर्स भेटण्याचे ठिकाण आहे हे तिने स्वतः बोटाने दाखवले.

फलन आणि त्याचे इन्व्हर्स एकमेकांना छेदतात ते नेहमी आरशाच्या रेषेवरच, असे मात्र नाही, आणि हे मीही अनेक वर्षे वर्गात पुरेशा काळजीने सांगत नव्हतो. आधार एक सोळांश असलेले घातांकी फलन घ्या, म्हणजे (१/१६)चा क्षवा घात, आणि त्याच आधाराचे लॉगरिदम घ्या. नेहमीच्या आकाराच्या पडद्यावर दोन्ही वक्र एकाच ठिकाणी भेटतात असे वाटते. शून्य आणि एक यांच्या मधला भाग मोठा करून पाहिला की तीन छेदबिंदू सुटे होतात: एक आरशाच्या रेषेवर ०.३६ च्या आसपास, आणि दोन रेषेबाहेर, (१/४, १/२) आणि (१/२, १/४). खात्री कागदावर करता येते, कारण सोळाचे वर्गमूळ चार आहे आणि चौथे मूळ दोन आहे. फ(क्ष) = फ⁻¹(क्ष) हे समीकरण फ(क्ष) = क्ष असे सोडवण्याची युक्ती स्पर्धा-परीक्षांच्या तयारीत सर्रास शिकवली जाते. ती वाढत्या फलनांना चालते, उतरत्या फलनांना तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि हे सांगायला या एका चित्राइतके चांगले साधन माझ्याकडे दुसरे नाही.

आता मर्यादांबद्दल. पहिली मर्यादा अशी की चित्र म्हणजे सिद्धता नव्हे. फ(क्ष) = (२क्ष + १)/(क्ष − ३) याचे इन्व्हर्स (३क्ष + १)/(क्ष − २) येते. मूळ फलन या इन्व्हर्समध्ये घातले की डेस्मॉस य = क्ष अशी अखंड दिसणारी रेषा काढते. प्रत्यक्षात त्या रेषेत एका बिंदूचे छिद्र आहे, कारण आतल्या फलनाला तीन ही किंमत देताच येत नाही. पण एका बिंदूएवढे छिद्र नुसत्या नजरेला दिसत नाही. मूळ फलनाच्या डोमेनमधून तीन वगळला आणि रेंजमधून, म्हणजे बाहेर येणाऱ्या किमतींतून, दोन वगळला, आणि इन्व्हर्समध्ये या दोघांनी जागा बदलल्या, हे मुलाने स्वतः लिहिले पाहिजे. माझ्या विद्यार्थ्यांनी आलेख बरोबर आला म्हणून डोमेन न लिहिण्याची सवय लावून घेतली होती, आणि ती मोडायला मला एक पूर्ण सत्र लागले. दोष साधनाचा नव्हता. मी सुरुवातीलाच डोमेनसाठी वेगळी ओळ लिहायला लावायला हवी होती.

दुसरी मर्यादा अक्षांच्या मापांची आहे. सुरुवातीला दोन्ही अक्षांवर एकक सारख्याच लांबीचे असते, म्हणून आरसा आरशासारखा दिसतो. पण मुले अक्ष ओढून ताणतात, तेव्हा एक अक्ष दाबला जातो आणि बरोबर असलेले इन्व्हर्सही तिरके, चुकीचे दिसू लागते. सेटिंगमध्ये जाऊन मापे पुन्हा सारखी करता येतात, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. फोनच्या छोट्या पडद्यावर ओळी आणि आलेख दोन्ही एकदम पुरेसे मोठे दिसत नाहीत. टॅबलेट किंवा लॅपटॉप असेल तर तोच घ्यावा. ॲप उतरवून घेतले की ते नेटशिवायही चालते, त्यामुळे आमच्याकडच्या ज्या मुलांच्या घरी नेट धड नसते त्यांचेही काम अडत नाही. अंध विद्यार्थ्यांसाठी आलेख आवाजातून ऐकवण्याची सोय त्यात आहे, तिचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण आलेखाच्या साधनात ती मिळेल अशी कोणी अपेक्षाच करत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. आपल्या बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही आणि जेईईतही चालत नाही. म्हणून आमच्या मुलांनी डेस्मॉस हे उत्तर तपासण्याचे साधन म्हणूनच वापरावे. इकडे पेनाने सोडवण्याला पर्याय नाही. वर सांगितलेला क्रम, आधी कागद आणि मग पडदा, हा भाचीसाठी चांगला आहे. आमच्या मुलांसाठी तो सक्तीचा आहे. बारावीत त्रिकोणमितीय इन्व्हर्स येतात तेव्हा साइनचा आलेख उणे नव्वद ते नव्वद अंशांपुरताच का कापायचा, हे वरच्या पॅराबोलाच्या उदाहरणावर हात बसलेल्या मुलाला पुन्हा शिकवावे लागत नाही, एवढे मी तीन तुकड्यांच्या अनुभवावरून सांगू शकतो.

सरावासाठी उदाहरणे मात्र डेस्मॉस देत नाही, ती आपल्याला आणावी लागतात. पाठ्यपुस्तकातली संपली की मी आपल्या घरच्या ठेव्याकडे वळतो. दिलेल्या उत्तरावरून उलट क्रियांनी मूळ संख्या शोधण्याची रीत आर्यभटांनी ४९९ मध्ये लिहून ठेवली आहे, आणि भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत तिला व्यस्तविधी हेच नाव आहे. ज्यांच्या वंशाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे तेच हे भास्कराचार्य. लीलावतीतले एक उदाहरण असे: एका संख्येला तिनाने गुणले, गुणाकारात त्याचाच पाऊण हिस्सा मिळवला, साताने भागले, भागाकारातून त्याचाच तिसरा हिस्सा वजा केला, आलेल्या संख्येचा वर्ग केला, त्यातून बावन्न काढले, वर्गमूळ घेतले, आठ मिळवले, दहाने भागले आणि दोन उरले, तर ती संख्या कोणती? शेवटून निघाले की दोनाचे वीस, विसाचे बारा, बाराचे एकशे चव्वेचाळीस, त्याचे एकशे शहाण्णव, मग चौदा, एकवीस, एकशे सत्तेचाळीस, चौऱ्याऐंशी, आणि शेवटी अठ्ठावीस.

हे सगळे भाचीला मागच्या डिसेंबरमध्ये दिले होते. तिने आधी वर्गाच्या अलीकडच्या चारही पायऱ्या एकत्र केल्या आणि त्या मिळून क्षचे निव्वळ निम्मे होतात हे शोधले. मग डेस्मॉसमध्ये (√((क्ष/२)² − ५२) + ८)/१० असे फलन लिहिले. आलेखात मधली सगळी जागा मोकळी होती आणि दोन्ही बाजूंना दोन हात वर चढत गेलेले होते. तिने य = २ ही आडवी रेषा टाकली. रेषा अठ्ठावीसला छेदली आणि उणे अठ्ठाविसालाही छेदली. भास्कराचार्यांनी एकच उत्तर का दिले, असे तिने लगेच विचारले, आणि मी काही सांगण्याआधी तिनेच उजवा हात ठेवण्याची अट महिरपी कंसात लिहिली. कागदावर तिचे इन्व्हर्स २√((१०क्ष − ८)² + ५२) असे आले आणि शेजारी तिने ‘क्ष ≥ ०.८’ असे न सांगता लिहिले. त्याखाली डाव्या हातासाठी तेच सूत्र उणे चिन्ह लावून लिहिले होते. त्या आलेखाची लिंक मी आता अकरावीच्या प्रत्येक तुकडीला पाठवतो. तिच्यात फक्त मूळ फलनाची आणि य = क्ष या रेषेची ओळ असते. इन्व्हर्सची ओळ रिकामी ठेवलेली असते आणि ती वहीत सोडवून झाल्यावरच भरायची, असे सांगितलेले असते.